राहदारी

श्रीरंगपट्टणच्या रंगनाथस्वामींच्या देवळाचे महाद्वार अद्याप उघडले नव्हते, समोरच्या पटांगणात एका कॉफीवाल्याचा स्टो तेवढा फुरफुरत होता आणि कावेरीवरून आलेले माघातले धुके रस्त्यावरच्या दिव्यांना वेढून बसले होते, अशा वेळी, म्हणजे पहाटे पाचच्या सुमारास, पाठीवरचे ओझे एकदा सारखे करून मी दक्षिणेकडे तोंड केले. कोल्हापूर सोडल्याला सव्वीस दिवस झाले होते. बेळगाव, हुबळी, दावणगेरे, तुमकूर ही गावे एकामागून एक पाठीशी पडली होती आणि पुढे हुणसूर व मडिकेरीवरून मंगळूरच्या समुद्राला जाऊन मिळावयाचे, असा बेत होता. आजची मजल श्रीरंगपट्टण ते येलवाल, वाटेत म्हैसूर, अंतर सुमारे तीस किलोमीटर. बरोबर कोणी नव्हते. या एकटेपणाचा निघताना जो अभिमान वाटत होता तो सव्वीस दिवसांत जोड्याच्या टाचेइतकाच झिजला होता, आणि तो कशाने झिजला हे या एका दिवसाच्या निमित्ताने सांगितले तर पायी प्रवासाच्या जुन्या व्यवस्थेचीही थोडी ओळख होईल.

आरंभी अंतराची गोष्ट. ‘मजल’ हा शब्द अरबी ‘मंझिल’पासून आपल्याकडे आला, त्याचा मूळ अर्थ उतरण्याची जागा, आणि त्यावरून त्या जागेपर्यंतची दिवसभराची चाल. ‘कोस’ त्याहून पुष्कळ जुना. संस्कृतातील ‘क्रोश’ म्हणजे आरोळी, तेव्हा एका माणसाची आरोळी जेथवर पोहोचेल तेवढा तो कोस, असे सांगतात. पण दोन मैलांवरून ऐकू जाणारी आरोळी ठोकणारा पुरुष मला अद्याप भेटावयाचा आहे. जुन्या म्हैसूर राज्यात सुमारे तीन मैलांची एक ‘हरदारी’ आणि चार हरदारींचे एक ‘गावुद’ मानीत. बारा मैल, म्हणजे एकोणीस किलोमीटरांहून किंचित अधिक, हे अंतर कोणत्याही साखळीने मोजून ठरविलेले नसून पोरेबाळे, गाठोडी आणि एखादे लंगडे जनावर यांसह निघालेले कुटुंब सूर्य मावळण्यापूर्वी सुखरूप जेथे पोहोचेल, त्या अनुभवावर ते बेतलेले आहे. या हिशेबाने मी दीड गावुद चालणार होतो. एकट्या मनुष्याला एवढी चैन परवडते.

इ. स. १७९९ मध्ये टिपू सुलतान पडला आणि लगोलग इंग्रजांनी कॉलिन मॅकेन्झी याची म्हैसूरच्या मोजणीवर नेमणूक केली. त्या काळच्या मोजणीदारांजवळ रस्ते मोजण्यासाठी एक चाक असे. मनुष्याने ते पुढे ढकलीत चालावे, चाकाचे किती फेरे झाले ते तबकडीवरच्या काट्याने दाखवावे, आणि त्यावरून मैल व फर्लांग काढावेत. पुढच्याच वर्षी, २३ एप्रिल १८०० रोजी, फ्रान्सिस बुकॅनन हा वैद्य गव्हर्नर जनरलच्या हुकमाने मद्रासेहून निघून म्हैसूर, कानडा आणि मलबार हा मुलूख पाहत हिंडला. त्याचा वृत्तांत पुढे १८०७ मध्ये तीन खंडांत छापला गेला. त्यात तारीखवार आज अमुक गावाहून तमुक गावी इतके कोस आलो, अशी नोंद असते आणि मग तेथली पिके, माती, जाती, कर यांचे वर्णन येते. त्यातले कोसही एकजात नसत. टिपूचा सुलतानी कोस नेहमीच्या कोसाहून मोठा होता. सुलतानाने मापे बदलली आणि रयतेचे पाय होते तेवढेच राहिले.

पट्टण सोडताना नदी ओलांडावी लागते, आणि तेथेच पश्चिमवाहिनी लागते. कावेरी येथे थोडा वेळ पश्चिमेकडे वळते, म्हणून हे स्थान अस्थिविसर्जनाला पवित्र मानतात. १९४८च्या फेब्रुवारीत गांधीजींच्या रक्षेचा काही अंश येथे विसर्जित झाला. त्या पहाटे घाटावर तीन माणसे एक मडके मध्ये ठेवून भटजींची वाट पाहत बसली होती. त्यांतल्या एकाने मला हाताने ‘बसा’ म्हणून खूण केली आणि मी थोडा वेळ बसलोही. आमच्यात एक शब्द झाला नाही.

उजाडले तेव्हा बंगळूर-म्हैसूर महामार्गाचा आवाज ऐकू येऊ लागला. १२ मार्च २०२३ रोजी या रुंद रस्त्याचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षीच्या १ ऑगस्टपासून त्याच्या मुख्य मार्गिकांवर दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर यांना मनाई झाली. मनाईच्या त्या यादीला माझ्यासारख्याची गरजच नव्हती. पायी चालणारा मनुष्य तेथे कोणी कल्पिलेलाच नाही. मी बाजूच्या रस्त्याने चाललो होतो आणि मनात एक शब्द घोळत होता. आपण मराठीत वाहनांच्या वर्दळीला ‘रहदारी’ म्हणतो. हा शब्द फारसी ‘राहदारी’. पेशवाईच्या कागदांत राहदारी म्हणजे वाटेवरची जकात, किंवा वाटेने बिनदिक्कत जाऊ द्यावे म्हणून दिलेला परवाना. चौकीवरच्या माणसाने तो पाहावा आणि मगच मुसाफिराला पुढे सोडावे. कानडीत सरकारी परवान्याच्या अर्थाने तो शब्द अजून जिवंत आहे. आपल्याकडे परवाना गेला आणि नुसती गर्दी उरली.

त्या काळी एकट्याने वाट चालणे ही हौसेची गोष्ट नव्हती. मराठ्यांची पत्रे नेणारे जासूद आणि काशीद आपल्या कागदांत बहुधा जोडीने भेटतात. ‘जासूदजोडी रवाना केली’ हा त्या पत्रव्यवहारातला नित्याचा शब्दप्रयोग आहे. त्याचे कारण उघड आहे: एकाला ताप भरला, नदीच्या पाण्याने ओढले वा चोरांनी गाठले, तर थैली घेऊन दुसरा पोहोचावा. १७९२च्या फेब्रुवारी-मार्चात कॉर्नवॉलिस, निजाम आणि हरिपंत फडके यांच्या फौजा याच पट्टणला वेढा देऊन बसल्या आणि १८ मार्चला तह झाला, तेव्हा इथली बातमी पुण्याला पोहोचविणारे पाय अशा जोड्यांचेच असणार. तहनाम्यांवरच्या मुद्रा आपण जतन करून ठेवतो. त्या थैल्या पुण्यापर्यंत वाहणाऱ्यांच्या टाचांना किती भेगा पडल्या, याचे दफ्तर कोणी ठेवलेले नाही.

म्हैसूरकरांची टपाल ‘अंचे’ या नावाची होती. सतराव्या शतकात चिक्कदेवराज वोडेयर याने तिची घडी बसविली, असे तिथला इतिहास सांगतो. १८८९ मध्ये ती हिंदुस्थान सरकारच्या टपालखात्यात विलीन होईपर्यंत ती स्वतंत्रपणे चालली. विल्क्स या इतिहासकाराने तिच्याविषयी एक मार्मिक गोष्ट नमूद केली आहे: अंचेचे लोक पत्रे तर पोहोचवीतच, परंतु गावोगावी काय चालले आहे, कोण आले, कोण गेले, याची खबरही दरबाराला देत. म्हणजे वाटेवरचा एकटा अनोळखी मनुष्य त्या यंत्राच्या दृष्टीने प्रथमपासूनच संशयित होता.

तो संशय अद्याप पुरता गेलेला नाही, हे मला आठ दिवसांपूर्वीच कळले होते. वाटेवरच्या एका गावात (गावाचे आणि लॉजचेही नाव कशाला सांगू?) व्यवस्थापकाने नोंदवही पुढे केली. तीत नाव, गाव, येण्याचे प्रयोजन आणि वाहनाचा क्रमांक असे रकाने होते. वाहन नाही, पायी आलो, असे मी सांगताच त्याने वही मिटली आणि एकट्या इसमाला खोली देण्याचा आमचा रिवाज नाही, असे अत्यंत सौजन्याने सुनावले. रात्र मी बसस्थानकावरच्या बाकावर काढली आणि तेथल्या रखवालदाराने एकही प्रश्न न विचारता आपली घोंगडी दिली. माझ्याजवळ आधार कार्ड होते, पैसे होते; नव्हती ती राहदारी.

साडेसात वाजता ऊन लागू लागले. भात केव्हाच निघून गेले होते. कालव्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस मात्र दोहोंकडे उभा होता आणि एका ‘आलेमने’तून, म्हणजे आपल्या गुऱ्हाळातून, काकवीचा वास येत होता. पाय आपोआप पडू लागतात ते अशाच वेळी, पहिल्या दीड-दोन तासांनंतर. याचे शास्त्र मनोरंजक आहे. चालताना आपले शरीर उलट्या लंबकाप्रमाणे वागते: टेकलेला पाय ताठ राहतो, धड त्याच्यावरून कमानीसारखे वर चढते आणि पलीकडे खाली येते, वर चढताना गतीचे रूपांतर उंचीत होते आणि उतरताना उंचीचे पुन्हा गतीत. या देवघेवीत प्रत्येक पावलाला लागणाऱ्या यांत्रिक शक्तीपैकी साठ टक्क्यांहून अधिक शक्ती परत मिळू शकते. ही देवघेव सर्वांत किफायतशीर ठरते ती ताशी साडेचार ते पाच किलोमीटरांच्या आसपास, आणि कोणीही न शिकविता जगभरची माणसे साधारण याच वेगाने चालतात. ताशी सात किलोमीटरांपलीकडे चालण्यापेक्षा धावणेच स्वस्त पडू लागते, म्हणून घाईतला मनुष्य नकळत दुडकी धरतो. एक पाऊल पाऊण मीटरचे धरले तर तीस किलोमीटरांना चाळीस हजार पावले लागतात. एवढ्या पावलांत हिशेब किंचित जरी चुकला तरी संध्याकाळी तो गुडघ्यांतून वसूल होतो.

हे सारे मनाशी घोकीत मी चाललो असता डोक्यावर वैरणीचे भारे घेतलेल्या चार बायका मागून आल्या आणि आपसांत बोलत, मान जराही न हलविता, पाहता पाहता मला मागे टाकून गेल्या. केनियातल्या काही स्त्रिया आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढे ओझे डोक्यावर घेऊनही चालण्याला लागणाऱ्या श्रमात वाढ होऊ देत नाहीत, असे शरीरशास्त्रज्ञांनी श्वास मोजून सिद्ध केले आहे. ओझ्याखाली त्यांचा तो लंबक अधिकच काटकसरीने झुलतो. माझ्या पाठीवर नऊ किलो होते आणि माझा लंबक मुळीच काटकसरी नव्हता.

म्हैसूर शहरात शिरताना प्रथम बन्नीमंटप लागते. बन्नी म्हणजे शमी. विजयादशमीला राजवाड्यापासून निघालेली हत्तींची मिरवणूक सुमारे पाच किलोमीटर चालून येथे येते आणि शमीपूजन होते. आपल्याकडच्या सीमोल्लंघनाचाच हा राजेशाही अवतार. पावसाळा संपला, वाटा सुकल्या, आता मोहिमेला निघावे, हा त्या सणाचा मूळ व्यावहारिक अर्थ. निघणारा एकटा निघत नसे, हेही त्यातच आले. तेथून अशोक रस्त्याने सेंट फिलोमिना चर्चच्या उंच मनोऱ्यांवरून पुढे गेले की लष्कर मोहल्ला, मंडी मोहल्ला, देवराज मोहल्ला अशी नावे भेटू लागतात. कन्नड अक्षरांतून ती वाचताना मराठी मनुष्याला परके वाटत नाही. महसुलाच्या कारभारातली ‘तहसीलदार’, ‘शिरस्तेदार’, ‘खाते’, ‘पहणी’ ही सारी मंडळी दोन्ही भाषांत एकाच वाड्यातल्या भाऊबंदांसारखी नांदतात. जुन्या म्हैसुरात तालुक्याच्या अधिकाऱ्याला ‘अमलदार’ म्हणत. आपल्याकडे या शब्दाला हल्ली पोलिसाचाच गणवेश अधिक शोभतो.

दहा वाजता मी देवराज मोहल्ल्यातल्या नंजराज बहादूर छत्रापाशी आलो. ‘छत्र’ हा शब्द ऐकून आपल्या डोळ्यांसमोर छत्री येते, परंतु त्याचा संबंध ‘सत्र’ या शब्दाशी आहे. यज्ञसत्र, अन्नसत्र यांतले ते सत्र. वाटसरूला निवारा द्यावयाचा आणि बहुधा अन्नही द्यावयाचे, अशी ही दक्षिणेकडची संस्था. तिच्याबरोबर आणखी दोन गोष्टी येत: ‘अरवट्टिगे’, म्हणजे आपली पाणपोई, आणि ‘कट्टे’, म्हणजे पिंपळाखालचा पार. पुढे तमिळ आणि मलयाळी मुलखात तर वाटेच्या कडेला दोन उभ्या दगडांवर एक आडवा दगड ठेवलेला आढळतो. डोक्यावरचे ओझे दुसऱ्याच्या मदतीवाचून त्याच्यावर सरकवावे, घटकाभर विसावा घ्यावा आणि पुन्हा त्याच उंचीवरून ते डोक्यावर ओढून घ्यावे. एकट्या हमालाकरिता इतका सूक्ष्म विचार केलेली दुसरी इमारत मला ठाऊक नाही. अहिल्याबाई होळकरांनी देशभर बांधलेले घाट आणि धर्मशाळा, नर्मदेच्या परिक्रमावासीयांना काठच्या गावांतून मिळणारे सदावर्त, ही सर्व याच कुळातली. वारकरी तर वाट चालतो तोच दिंडीत, विणेकऱ्याच्या मागे. आपल्या भाषेतली पायी चालण्याची सर्वांत मोठी परंपरा एकटेपणाला जवळजवळ ओळखतच नाही.

नंजराज बहादूर छत्रात आता मुसाफिर उतरत नाहीत. तेथे प्रदर्शने आणि विक्रीचे मेळावे भरतात. फाटकाजवळच्या भिंतीला टेकून मी जोडे काढले. उजव्या टाचेला फोड आला होता. फोड येतो तो केवळ घासल्याने, असा समज आहे. खरे पाहता हाड पुढे सरकते, घामाने ओली झालेली वरची कातडी मोज्याला चिकटून मागे राहते, आणि या ओढाताणीत त्वचेचे थर एकमेकांपासून सुटून मध्ये पाणी भरते. म्हणून पाय कोरडे ठेवणे हाच खरा उपाय. मी सुई ओवून दोरा फोडातून आरपार ठेवला, कातडी तशीच राहू दिली आणि मोजे बदलले. समोरच्या पाटीवर रस्त्याचे नाव होते: विनोबा रस्ता.

हुणसूरच्या दिशेला जाणाऱ्या या रस्त्याला हे नाव शोभते. कुलाबा जिल्ह्यातल्या गागोद्यास ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मलेले विनायक नरहर भावे, म्हणजेच विनोबा, ८ मार्च १९५१ रोजी वर्ध्याजवळून शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनासाठी पायी निघाले. १८ एप्रिलला तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूदानाचा आरंभ झाला. आणि मग बिहार, ओरिसा, आंध्र, तमिळनाडू, केरळ असे चालत चालत १९५७च्या ऑगस्टअखेर ते त्या वेळच्या म्हैसूर राज्यात आले. पुढचे सुमारे सात महिने ते याच राज्यात चालत होते. दक्षिणेतल्या चारही भाषा त्यांनी १९४२नंतरच्या कारावासात, वेलोरच्या तुरुंगात, अभ्यासल्या होत्या, तेव्हा इथल्या गावांत ते पुरते परके नव्हते. पहाटे अंधारात कंदिलाच्या उजेडात निघावे, दहाबारा मैल चालून ऊन तापण्यापूर्वी पुढचे गाव गाठावे, पोटातल्या व्रणामुळे दही-मधासारखा हलका आहार थोडा थोडा घ्यावा, दुपारी लोकांशी बोलावे, संध्याकाळी प्रार्थना करावी आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा निघावे, असा त्यांचा दिनक्रम. म्हणजे तोच तो गावुद, वर्षानुवर्षे. त्यांच्यामागे नेहमी माणसे असत आणि पुढेही, स्वागताला. तरीही त्या छायाचित्रांत कंदिलामागून झपझप जाणारी ती कृश आकृती पाहिली की हा मनुष्य एकटा चालला आहे असेच वाटते. मला याचा उलगडा पुष्कळ दिवस झाला नव्हता.

दुपारचे ऊन कुक्करहळ्ळी तलावाच्या काठी झाडांखाली काढले. मुम्मडी कृष्णराज वोडेयरांनी १८६४ मध्ये खोदविलेला हा तलाव म्हैसूरच्या फिरणाऱ्यांचे तीर्थ आहे. कन्नड कवी कुवेंपू येथे नित्य फिरावयास येत, आणि आर. के. नारायण यांनाही रोज शहरातून पायी भटकल्यावाचून लिहिता येत नसे. परंतु फिरणे निराळे आणि चालणे निराळे. फिरणारा घरी परततो, त्यामुळे तो कोण हे त्याला कोणी विचारीत नाही.

तीन वाजता उठलो. हिनकल गावापुढे रस्ता रुंद, रुक्ष आणि कारखान्यांचा आहे. त्याविषयी सांगण्यासारखे एवढेच की सावली नव्हती, आणि एका कारखान्याच्या रखवालदाराने न मागता पाण्याची बाटली भरून दिली. अरवट्टिगे मोडल्या असल्या तरी त्यांचा रिवाज मोडलेला नाही.

साडेपाचच्या सुमारास येलवाल आले. आज ते म्हैसूरच्या वाढत्या हातात जवळजवळ सापडलेले एक गाव आहे, पण २१ आणि २२ सप्टेंबर १९५७ रोजी येथे जे घडले ते विलक्षण होते. बासष्ट वर्षे आणि दहा दिवस वयाचे विनोबा येथे मुक्कामाला असता ग्रामदानाचा विचार करण्यासाठी निरनिराळ्या पक्षांचे पुढारी जमले. पंतप्रधान नेहरू आले, आणि केरळचे साम्यवादी मुख्यमंत्री नंबुद्रिपाद हेही. गावातल्या जमिनीची मालकी गावाच्या समाजाकडे यावी, आणि ती सक्तीने नव्हे तर संमतीने यावी, या कल्पनेला एकमेकांशी कडवेपणाने भांडणाऱ्या या मंडळींनी एकत्र बसून सहानुभूती दाखविली. ग्रामदानाचे पुढे काय झाले हा निराळा आणि पुष्कळसा खिन्न करणारा विषय आहे. मला त्या वेळी रस्त्याच्या कडेला उभे असताना आठवत होते ते इतकेच, की शतकानुशतके वाटसरूने हुजुरात जाऊन परवाना मागावा अशी चाल असता येथे हुजूरच वाटसरूच्या मुक्कामावर चालून आले होते. आणि तोच मनुष्य पाच वर्षांनी, ५ सप्टेंबर १९६२ रोजी, पूर्व पाकिस्तानच्या सीमेवर उभा राहिला तेव्हा त्याला त्या सरकारची अनुमती घ्यावी लागली. ती मिळाली, आणि सोळा-सतरा दिवस तो तेथल्या गावांतूनही जमीन मागत चालला. शत्रुत्वाच्या त्या सीमेवर विनोबांना ज्यांनी आत सोडले ते राहदारीचे कागद पुण्याच्या दप्तरातल्या कागदांच्या शेजारी ठेवून वाचावेत, असे मला फार वाटते.

नाक्यावर एक लहानसे हॉटेल होते. बाकावर बसून मी उजवा जोडा काढला आणि कॉफी मागितली. मालक साठीचा असावा. त्याने माझ्या पाठपिशवीकडे, मग टाचेकडे पाहिले.

“एल्लिंद बंद्रि?” कुठून आलात?

श्रीरंगपट्टणहून, म्हणून मी सांगितले.

“नडकोंडा?” चालत?

मी मान डोलावली. त्याने कॉफीचा पेला माझ्यापुढे ठेवला आणि खऱ्याखुऱ्या कळवळ्याने विचारले, “याके, बस् सिगलिल्वा?” का हो, बस मिळाली नाही?

माझ्या तोडक्यामोडक्या कानडीत मी त्याला काही समजावून सांगण्याच्या खटपटीत होतो, तेवढ्यात हुणसूरकडे जाणारी लाल बस वळणावर दिसली. तो लगबगीने रस्त्यावर गेला, दोन्ही हात वर करून त्याने ती थांबविली, कंडक्टरला माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगितले, आणि बस घुरघुरत उभी राहिली. खिडक्यांतून वीसपंचवीस माणसे, एक पाय उघडा आणि हातात कॉफी अशा स्थितीत बसलेल्या माझ्याकडे पाहत, मी केव्हा चढतो याची शांतपणे वाट बघू लागली.